इंटार्सिया : रंग न लावता लाकडातून चित्र (पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी माहिती)

इंटार्सिया म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे आकारात कापून, एकमेकांना चिकटून बसतील असे घासून, त्यांतून तयार केलेले चित्र. यात कुंचला नाही आणि रंगाची डबीही नाही. पिवळे हवे असेल तर पिवळे लाकूड शोधायचे, काळे हवे असेल तर काळे.

आपल्या मंडळाच्या हस्तकला गटातील आम्ही सात जणांनी हे काम पहिल्यांदाच करून पाहिले. आमच्यापैकी कोणीही सुतार नाही. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, तीन गृहिणी आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा, असा आमचा गट. शिकवायला आमच्या ओळखीचे एक वयस्कर सुतार होते. त्यांना सगळे 'मामा' म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणतो. या कामासाठी काय लागते, काय चुकते आणि आपल्या बेळगाव भागात कोणते लाकूड उपयोगी पडते, हे सभासदांना एका जागी मिळावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

ही कला कोठली

इंटार्सिया हा शब्द इटालियन आहे. त्याचे मूळ रत्ने जडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका अरबी शब्दाशी जोडले जाते. पंधराव्या शतकात इटलीत ही कला फार वरच्या दर्जाला पोहोचली. उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याने आपल्या दोन वाड्यांत वाचन-चिंतनासाठी लहान खोल्या करून घेतल्या, एक उर्बिनोत आणि एक गुब्बियोत. दोन्ही खोल्यांच्या भिंती अशा लाकडी चित्रांनी मढवलेल्या आहेत. अर्धवट उघडी कपाटे, त्यांत पुस्तके, वाद्ये, खगोलशास्त्राची उपकरणे असा देखावा. भिंत सपाट आहे, पण कपाटाचे दार खरेच उघडे असल्याचा भास होतो. गुब्बियोची खोली साधारण 1478 ते 1482 या काळात जुलियानो दा मायानो याच्या कारखान्यात तयार झाली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उर्बिनोची खोली मात्र अजून त्याच वाड्यात आहे.

त्या कारागिरांपुढेही आपल्यासारखीच अडचण होती, की हिरवे लाकूड मिळत नाही. काहींनी एका बुरशीमुळे आतून निळसर-हिरवे झालेले लाकूड जंगलातून शोधून काढले आणि पानांसाठी, डोंगरांसाठी वापरले. वखारवाला जे लाकूड सडके म्हणून बाजूला टाकेल, तेच त्यांनी मोलाचे मानले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, लेखाच्या शेवटी ती आम्हाला उपयोगी पडली.

जुनी इटालियन कामे सपाट आहेत. आज जगभर हौशी लोक जे इंटार्सिया करतात त्यात तुकड्यांची जाडी कमी-जास्त ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा गोलसर घासतात, त्यामुळे चित्राला उठाव येतो. ही उठावदार पद्धत अमेरिकेत वाढली आणि ज्युडी गेल रॉबर्ट्स यांच्या नमुन्यांमुळे व पुस्तकांमुळे ती घरोघरी पोहोचली. आम्ही केले ते याच पद्धतीचे काम.

आपल्याकडची भावंडे

अगदी अशीच कला आपल्या घराण्यात नसली तरी तिची भावंडे जवळच आहेत.

मैसूरचे जडावकाम सर्वांना माहीत आहे. त्यात शिसवीच्या फळीत खाच कोरून दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात. पूर्वी हस्तिदंत वापरत. त्यावर बंदी आल्यावर निरनिराळ्या रंगांची लाकडे आणि प्लास्टिक आले. मैसूरच्या अंबाविलास राजवाड्यात हस्तिदंत जडवलेले शिसवीचे दार आहे. सहलीला जाल तेव्हा गर्दीत पुढे ढकलले जाण्यापूर्वी तेथे दोन मिनिटे थांबा.

मिरजेचे तंबोरे आणि सतारी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. भोपळ्याच्या वरची दांडी तुणीच्या लालसर लाकडाची असते आणि तिच्यावर पांढऱ्या पट्ट्यांची वेलबुट्टी जडवलेली असते. सावंतवाडीची लाकडी फळे-खेळणी हे मात्र निराळे काम. तेथे लाकूड हलके हवे आणि त्यावर रंग चढवायचा.

फरक असा लक्षात ठेवावा. जडावकामात एक मूळ फळी असते आणि तिच्यात खाच कोरून तुकडे बसवतात. व्हिनिअरच्या कामात कागदाइतके पातळ पापुद्रे एकमेकांशेजारी चिकटवतात. उठावाच्या इंटार्सियात जाड, भरीव लाकडाचे तुकडे एकमेकांशेजारी बसवून मागे प्लायचा आधार देतात. नवशिक्याला हा तिसरा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो.

लाकूड कोणते घ्यावे

आमच्या अनुभवात आपल्या भागात सहज मिळणारी आणि रंगाने निराळी लाकडे अशी :

साग : सोनेरी तपकिरी. पावसाळ्या-उन्हाळ्यात कमी हलतो. मात्र त्याच्यात तेल असते आणि बारीक वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे करवतीची पाती लवकर बोथट होतात. चिकटवण्यापूर्वी सांधा थिनरने पुसून घ्यावा.

फणस : ताजा कापला की हळदीसारखा पिवळा. उजेडात हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. ज्योत, झेंडूचे फूल, पितळी भांडे यांसाठी उत्तम. रंग पुढे गडद होणार हे धरूनच शेजारचे लाकूड निवडावे.

शिसव : जांभळट काळपट, जड आणि कठीण. केस, डोळे, सावली यांसाठी. शिसव तोडणे आणि वाहून नेणे यावर वनखात्याचे नियम आहेत. शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. फर्निचरच्या दुकानातून उरलेले लहान तुकडे पावतीसह घ्यावेत. या कामाला बोटभर तुकडासुद्धा पुरतो.

शिवण : फिकट, दुधी रंगाची आणि कापायला मऊ. शुभ्र पांढरे लाकूड मिळत नाही, त्यामुळे पांढऱ्याच्या जागी हीच वापरावी.

ऐन : गडद तपकिरी, त्यात काळ्या रेषा. झाडाचा बुंधा, डोंगर, कौलांची सावली यांसाठी.

तूण : तांबूस, हलकी, कापायला सोपी. कौले आणि मातीची भांडी छान दिसतात.

आंबा : फिकट ते करडा, मध्येच काळसर पट्टे. स्वस्त आणि भरपूर मिळतो, सरावासाठी चांगला.

सरावाला याहून सोपा उपाय म्हणजे यंत्रसामान येते त्या खोक्यांच्या फळ्या. त्या जवळपास फुकट मिळतात.

वखारीत लाकूड निवडताना कोरड्या लाकडावर ओले फडके फिरवून पाहावे. पॉलिश केल्यावर जो रंग येईल त्याचा अंदाज तेथेच मिळतो. कोरडे असताना सारखे दिसणारे दोन तुकडे ओले केल्यावर अगदी निराळे निघतात.

लाकूड पूर्ण वाळलेले हवे. मामांनी सांगितलेली परीक्षा सोपी आहे. तुकडा घरात ठेवा, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि वजन लिहा. सलग तीन आठवडे वजन उतरले नाही तर तो कापायला घ्यावा.

जुन्या घराचे लाकूड

आपल्या भागात दर वर्षी जुने वाडे आणि माडीची घरे उतरवली जातात. सोप्याचे खांब, तुळया, चौकटी हे सगळे जुने लाकूड घेणाऱ्याकडे जाते. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते, त्यामुळे या कामाला फार चांगले. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, खिळे. वरून दिसत नाहीत, पण आत तुटलेले असतात. फळीवरून चांगले लोहचुंबक सावकाश फिरवावे. आमची तीन पाती अशीच मोडली.

दुसरी, रंग. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ करू नये. लहान मुले असलेल्या घरात तर मुळीच नाही. रंग असलेला थर सुताराकडून रंध्याने किंवा करवतीने मोकळ्या जागी काढून घ्यावा आणि तो भुसा पिशवीत भरून टाकावा. चुलीत किंवा बंबात घालू नये.

तिसरी, वाळवी. बोटाने दाबून पाहावे. भुसभुशीत लागले तर तो भाग सोडून द्यावा.

हत्यारे

सुरुवातीला फार खर्च करू नये. आम्ही पहिले दोन महिने एवढ्यावरच काम केले :

हाताची फ्रेट करवत, म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या चौकटीला बारीक पाते लावलेली करवत. पाते 5 इंच लांब असते. पात्याचे दात मुठीकडे, म्हणजे खाली यावेत. पाते उलटे लावले तर करवत लाकूड उचलते आणि कापत नाही.

टेबलाच्या काठाला शिकंज्याने बसवलेली एक फळी, जिच्या पुढच्या टोकाला व्ही आकाराची खाच आहे. लाकूड या खाचेवर ठेवून कापायचे.

सपाट, अर्धगोल आणि गोल कानस, पॉलिश पेपर (80, 120, 220 आणि 320 नंबरचे), गुण्या, पेन्सिल, कार्बन पेपर, मास्किंग टेप आणि फेव्हिकॉल.

हाताने कापायचे असेल तर लाकूड तीन सुतांहून जाड घेऊ नये. सहा सुतांचा साग हाताने कापायला बसलो तेव्हा एका पानाला आमची अख्खी दुपार गेली. पुढे मंडळाने लहान स्क्रोल सॉ यंत्र घेतले. त्यावर सहा सुतांचे लाकूड आरामात कापता येते. वळण घेताना मात्र लाकूड ढकलू नये, पात्याला कापू द्यावे.

काम कसे करावे

1. पहिले चित्र सोपे निवडा. पाच ते आठ तुकड्यांचे, मोठ्या वळणांचे. आमचे पहिले काम पिंपळपान होते. मधली शीर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन भाग, असे पाच तुकडे. गणपती, मोर, शिवाजी महाराज हे विषय सर्वांना आधी सुचतात. ते वर्षभराने घ्यावेत.

2. चित्र फक्त रेषांत काढा. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या, त्यात लाकडाचे नाव लिहा आणि बाणाने रेषांची दिशा दाखवा. लाकडाच्या रेषा कोणत्या बाजूने जातात यावर चित्र जिवंत दिसणे अवलंबून असते. पानात शिरेपासून कडेकडे, ज्योतीत खालून वर, पाण्यात आडव्या.

3. चित्राच्या चार-पाच झेरॉक्स काढा. त्यातील एक कधीही कापू नका. तुकडे त्याच्यावरच मांडून पाहायचे आहेत.

4. लाकडाला आधी मास्किंग टेप लावा, त्यावर कागदाचा तुकडा चिकटवा. काम झाल्यावर टेपसकट कागद सहज निघतो. थेट लाकडावर फेव्हिकॉलने कागद चिकटवला तर तो खरवडण्यात तास जातो.

5. पाते काटकोनात आहे का ते तपासा. हे कोणी सांगत नाही आणि सर्व फटी येथूनच जन्माला येतात. एका टाकाऊ तुकड्यात थोडी खाच पाडा, मग तुकडा उलट बाजूने फिरवून पात्याच्या मागून तीच खाच पात्याला लावून पाहा. पाते अलगद खाचेत शिरले तर ते सरळ आहे. अडले तर टेबल किंचित कलते आहे.

6. रेषेच्या मधोमध कापा. एक तुकडा रेषेच्या आत आणि शेजारचा रेषेबाहेर कापला गेला की दोघे जुळत नाहीत.

7. सगळे तुकडे मूळ चित्रावर मांडा. दोन तुकडे हातात धरून उजेडाकडे बघा. जेथे उजेड दिसतो तेथे फट, जेथे दिसत नाही तेथे लाकूड अडते आहे. नेमकी जागा कळत नसेल तर दोन तुकड्यांमध्ये कार्बन पेपर धरून दाबा. काळा ठिपका उमटला तेवढेच घासा. फट आहे तेथे घासण्याची चूक सगळे करतात.

8. उठाव ठरवा. जो भाग पुढे यायला हवा त्याच्याखाली एक किंवा दोन सूत जाडीची प्लायची पट्टी चिकटवा. मागे जाणारा भाग घासून कमी करा. आता शेजारच्या तुकड्याची उंची पेन्सिलीने कडेवर आखा. गोलाई देताना या रेषेच्या खाली जाऊ नये, नाहीतर आतील चिकटवलेली पट्टी दिसू लागते.

9. पॉलिश पेपर क्रमाने वापरा. 80 नंबरने आकार, 120 ने ओरखडे कमी, 220 आणि 320 ने गुळगुळीत. नेहमी रेषेच्या दिशेने. मधला नंबर गाळला तर पॉलिश लावल्यावर ओरखडे हटकून वर येतात.

10. चिकटवण्याआधीच प्रत्येक तुकड्याला पॉलिश करा. चपडीचे पॉलिश किंवा जवसाचे तेल, दोन्ही चालतात. पाठ मात्र कोरडी ठेवा, तेथे फेव्हिकॉल धरायचे आहे.

11. तुकडे मांडून बाहेरची कड दीड-दोन सूत जाडीच्या प्लायवर आखा आणि प्लाय त्या रेषेच्या अर्धा सूत आतून कापा, म्हणजे समोरून दिसत नाही. प्लायच्या कडेला काळा रंग द्या. मधल्या तुकड्यापासून सुरुवात करून बाहेर चिकटवत जा. एका रात्रीत घाई करू नका.

आमच्या चुका

पावसाळ्यात नुकताच चिरलेला फणस स्वस्त मिळाला म्हणून आम्ही आणला आणि लगेच कापला. झेंडूच्या पाकळ्या इतक्या सुंदर बसल्या की आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. संक्रांतीपर्यंत प्रत्येक पाकळीभोवती नखभर फट पडली होती. लाकूड वाळताना आडवे आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. हे पुस्तकात वाचले होते, पण पटले ते त्या दिवशी.

दुसरी चूक, एका काकूंनी कागद फळीच्या पाठीवर चिकटवला. तुकडे सगळे नीट कापले, पण चित्र आरशातले झाले. यावर उपाय म्हणून आता फळीच्या दर्शनी बाजूला आम्ही आधी खडूने फुली करतो.

तिसरी चूक रंगाची. आमच्यातल्या एकाने पान हिरवे दिसावे म्हणून लाकडी रंग लावला. मामांनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाले, "मग पुठ्ठ्यावरच केलं असतं तर चाललं नसतं का?" त्यानंतर रंगाची बाटली परत आली नाही.

काळजी

लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना आणि नाकाला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. आयुष्यभर या धुळीत काम करणाऱ्या सुतारांना धोका अधिक, पण आपणही साध्या रुमालावर अवलंबून राहू नये. एन-95 मास्क वापरावा, काम अंगणात किंवा गच्चीवर करावे. शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ येते.

जवसाचे तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, दोरीवर सुटी पसरून वाळवावीत.

यंत्रावर बसताना ओढणी, पदर, लांब केस, मंगळसूत्र आवरून घ्यावे. बोटे पात्याच्या समोरच्या रेषेत कधीही नसावीत. मुलांना हातकरवत द्यावी, पण शेजारी मोठे माणूस असावे.

कोनाड्याचे चित्र

शेवटी एका कामाबद्दल, कारण वरील सगळे नियम आम्हाला त्यातच खरे कळले.

गटातल्या एका काकूंचे शहापुरातले माहेरचे घर गेल्या वर्षी उतरवले. भावंडे पुणे, गोवा आणि हैदराबादला, त्यामुळे घर सांभाळणारे कोणी नव्हते. खांब आणि तुळया विकल्या गेल्या. काकू पोहोचल्या तेव्हा दाराच्या चौकटीचा अडीच फुटांचा एक तुकडा तेवढा उरला होता. तो त्या रिक्षातून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याचं काहीतरी करा. चार जणांना चार वस्तू होतील अशी करा."

आईच्या हातचा कोनाडा आणि त्यातले निरांजन, असे चित्र ठरले. चार लहान पाट्या, प्रत्येकी 11 तुकडे. भिंत आणि कोनाड्याची चौकट त्या सागाची, ज्योत फणसाची, निरांजन शिवणीचे, आतली सावली शिसवीची.

मामांनी सांगितले की खोक्याच्या फळीवर सगळ्या पाट्या एकदा करून दाखवा, मगच या लाकडाला हात लावा. आम्ही तीन पाट्या केल्या आणि चौथीचा कंटाळा केला. एवढे जमते आहे, मग आणखी कशाला, असे वाटले. साग कापायला घेतला आणि तिसऱ्याच तुकड्यात पाते खिळ्यावर आदळले. लोहचुंबक फिरवायचे राहून गेले होते. पाते मोडले, लाकडाचा चिरा उडाला आणि हातभर लांबीचे लाकूड वाया गेले असे आम्हाला वाटले. दुसरे लाकूड आणता येणार नव्हते. ते घरच आता नव्हते. काकू काही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

मामा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी तो तुकडा फडक्याने ओला केला. गंजलेल्या खिळ्याभोवती सागात निळसर काळा डाग उतरला होता, वर निमुळता होत गेलेला. "कोनाड्यात दिवा लावला की वर काय होतं?" त्यांनी विचारले. काकूंनीच उत्तर दिले, "काजळी धरते."

तो डाग ज्योतीच्या बरोबर वर येईल असा कागद आम्ही पुन्हा आखला. चिरा उडालेला भाग कमानीच्या वळणात निघून गेला. लाकूड कमी पडल्यामुळे पाट्या ठरल्यापेक्षा इंचभर लहान झाल्या, पण चार झाल्या. चौकटीत असे चार खिळे होते. चारही पाट्यांत काजळी खरी आहे, लोखंडाने सागात इतकी वर्षे काढलेली.

जुन्या इटालियन कारागिरांनी बुरशी लागलेल्या लाकडात हिरवे रान पाहिले. आम्हाला गंजात काजळी दिसली, तीही मामांनी दाखवली तेव्हा. चित्राला हवा असलेला रंग बऱ्याचदा टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्या तुकड्यातच सापडतो. म्हणून गाठ, डाग, पट्टा असलेला कोणताही तुकडा लगेच फेकू नये. आम्ही त्यासाठी एक वेगळा डबा ठेवला आहे.

चारपैकी तीन पाट्या पुणे, गोवा आणि हैदराबादला गेल्या. चौथी काकूंच्या देवघराशेजारी आहे. फणसाची ज्योत आता पिवळ्यावरून थोडी तांबूस होऊ लागली आहे.

सुरुवात करणाऱ्यांना

ज्यांना हे काम करून पाहायचे आहे त्यांनी आधी खोक्याच्या फळीवर पिंपळपान करावे. फटी पडतील, पडू द्याव्यात. दुसरे पान पहिल्यापेक्षा चांगले होते, असा आमच्या सातही जणांचा अनुभव आहे. आमच्याकडील पिंपळपान, झेंडू आणि समई यांचे रेषाचित्र-नमुने झेरॉक्ससाठी मंडळाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत.

आणि एक विनंती. आपल्या ओळखीत कोणाचे जुने घर उतरत असेल, तर गाडी भरून जाण्यापूर्वी चौकटीचा, फडताळाचा किंवा पाळण्याच्या कडीपाटाचा हातभर तुकडा बाजूला काढून ठेवा. त्याचे काय करायचे ते नंतर ठरवता येते.